माहेरात दिलेली उत्तरं

आक्का गेली त्या सकाळी मी कंपनीच्या प्रयोगशाळेत सोयाबीनचे कोंब मोजत होतो. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांना तोटा नाही. त्यांतल्याच एकीत मी उगवण तपासायचं काम करतो. पोत्यातून शंभर दाणे काढायचे, ओलाव्यात गुंडाळून ठेवायचे, आणि त्यातले किती उगवले यावरून अख्ख्या ढिगाचं भविष्य सांगायचं. मोजणी अर्ध्यात असताना फोन वाजला, तो मी घेतला नाही. लगेच पुन्हा वाजला. बायको, रेखा. "वन्सं उठून न्हाई राह्यल्या," एवढंच म्हणाली आणि थांबली... मग म्हणाली, "जल्दी या." हातातला चिमटा तसाच खिशात घालून मी निघालो. घरी पोचलो तेव्हा गल्लीतले डॉक्टर दारात चपला घालत होते. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणाले. आक्काच्या अंगावरची चादर नीट होती, उशीजवळ चष्मा होता आणि तोंड उजवीकडे वळलेलं होतं, कोणी हाक मारली तर ओ देईल असं.

दुपारपर्यंत गावाकडची माणसं आली. त्यांत आमचे एक चुलते. त्यांनी मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, हळूच विचारलं, "त्याच बिमारीनं का?" मी म्हणालो, "नाही काका. हार्ट अटॅक." त्यांना ऐकू आलं होतं, तरी मी पुन्हा म्हणालो, हार्ट अटॅक. जणू हार्ट अटॅक म्हणजे घराण्याला मिळालेलं बक्षीसच. काकांच्या तोंडावर हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसलं आणि मला त्यांचा इतका राग आला की पुढचा तासभर मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. राग त्यांचा होता की माझा स्वतःचा, ते अजून ठरत नाही. माणूस गेल्यावर लोक आधी कारण विचारतात. ती कशी जगली हे विचारणारा एकही जण त्या दिवशी भेटला नाही. ते विचारत फिरणारी बाई तर आत पडून होती.

आक्काला एचआयव्ही होता. हे मी तिच्या माघारी फोडतोय असं कुणी समजू नये. ती स्वतःच माइक हातात घेऊन भर सभेत हे सांगायची, आणि मी हे लिहिताना गाळलं असतं तर वरून येऊन तिनं माझा कान पिळला असता. ती नेमानं गोळ्या घेत होती, तिचे रिपोर्ट माझ्या रिपोर्टांपेक्षा चांगले यायचे. माझी साखर वाढलेली, तिची नाही. यावरून ती मला भरपूर टोचून बोलायची. तेव्हा हा काही आजाराने खंगून गेलेल्या बाईवरचा लेख नाही. माझी अडचण वेगळीच आहे. ज्या बाईनं आमचा जिल्हा पालथा घालून एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसांना "तुमचं कसं चाललंय" हे रीतसर विचारलं, उत्तरं टिपली, ती बाई दहा-बारा वर्षं माझ्या घरात राहिली. आणि माझ्या घरात तिचं बरं चाललं होतं का, हे मला माहीत नाही. दोन महिने होत आले, हे एकच डोक्यात आहे. जेवताना, गाडीवर, दाणे मोजताना. मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून करतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कुसुम. आमचं मूळ गाव कुंभार पिंपळगाव. आई शेतात, म्हणून मला कडेवर घेऊन ती शाळेत जायची. मास्तर रागावले की म्हणायची, याला घरी ठेवून येते, मग मीही येत नाही. मास्तर गप्प. दहावी झाली आणि तिचं लग्न भोकरदनकडच्या एका खेड्यात लावून दिलं. दाजी बोअरवेलच्या गाडीवर होते, सहा-सहा महिने परराज्यात. माणूस वाईट नव्हता. आला की मला शर्टाचं कापड आणायचा. मग तो आजारी पडून आला तो उठलाच नाही. त्याचं रक्त तपासलं तेव्हा आक्काचंही तपासलं... पुढचं वाचणाऱ्यांना कळलं असेल.

दाजींचे दिवस झाल्यावर तिला आणायला मी गेलो. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. भाऊ मुराळी आला की बहिणीनं हरखून जायचं असतं. त्या दिवशी कुणी हरखलं नाही. सासूनं माझ्यासमोर पिशवी दिली आणि म्हणाली, "चार दिवस राहून ये माय." नेण्याचं काम मुराळ्याचं, परत न्यायला यायचं काम सासरचं. ही रीत आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. पंचमी झाली, दिवाळी झाली, संक्रांत झाली. कोणी आलं नाही. सुरुवातीला ती आमच्या दाराशी बसून गहू निवडायची, म्हणजे कोणी आलं तर आधी तिलाच दिसावं. नंतर ती गहू आत निवडायला लागली. तोवर मी जालन्यात घर बांधलं होतं. मागची खोली तिला दिली. तिथं तिचं वजन वाढलं, केस पुन्हा दाट झाले, सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जाता-जाता तिच्या ओळखी झाल्या, आणि पुढं ती तिथंच नव्या येणाऱ्यांना धीर द्यायला लागली.

एक गोष्ट तेव्हापासूनच मला खटकायची. माझी आक्का मुळात तोंडाची फटकळ. पण माझ्या घरात तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. मी घरात असताना ती आणि रेखा एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की दूरदर्शनवरच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटायचं. ताटात पहिली भाकरी मला, दुसरी रेखाला, तिसरी स्वतःला. भाजीला मीठ जास्त झालं तरी "चांगली झाली गं." पाहुणीसारखी. मी मनात म्हणायचो, बरंय, घरात शांतता आहे. आणि दुसरं मन म्हणायचं, कसली शांतता आहे ही?

मग विद्यापीठातल्या एक मॅडम आल्या. त्यांचं म्हणणं असं की औषधांमुळं माणसं जगतायत, रक्ताचे आकडे सुधारलेत, हे सगळं दवाखान्याला कळतं. पण ती जगतायत कशी, हे कोणी मोजत नाही. त्यांच्या अभ्यासाचं नाव मोठं होतं, त्यात "जीवनाची गुणवत्ता" असे शब्द होते. आक्का म्हणाली, "गुणवत्ता म्हंजे? पेपरात फोटू येते ती यादी का?" मॅडम हसल्या आणि त्यांनी तिथंच तिला कामावर घेतलं. प्रश्न विचारणारी बाई त्यांना त्याच आजारासोबत जगणाऱ्यांपैकी हवी होती. प्रश्न तसे साधेच. झोप लागते का, अंगात ताकद वाटते का, घरात तुम्हाला धरून असतात का, अडीनडीला कोण धावून येतं, उद्याची धास्ती वाटते का. प्रत्येकाला पाच पायऱ्यांत उत्तर द्यायचं, "अजिबात नाही"पासून "खूप चांगलं"पर्यंत. घोडं अडलं ते इथंच. आमच्याकडे कुणालाही काहीही विचारा, उत्तर येतं, "बरंय." बरंय म्हणजे काय? घरात मयत झालेली असली तरी माणूस आधी बरंय म्हणतो आणि मग सांगतो. आक्कानं यावर तोड काढली. पायऱ्यांना तिनं भाकरीची मापं दिली. अख्खी भाकर, पाऊण, अर्धी, चतकोर आणि काहीच नाही. "माय, झोप किती लागली? अर्धी का चतकोर?" असं विचारलं की म्हातारीसुद्धा क्षणभर विचार करायची आणि म्हणायची, "चतकोर बघ." मॅडमना पाचच पायऱ्या हव्या होत्या, त्या पाचच राहिल्या. त्यांनी ती मापं आनंदानं ठेवून घेतली.

कामाला लागण्याआधी सराव म्हणून एका रविवारी तिनं कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू इचार, मी सांगते." आम्ही मधल्या खोलीत बसलो होतो. रेखा आत कणीक मळत होती. मी मास्तरासारखा एकेक प्रश्न वाचत गेलो. झोप? अख्खी. ताकद? अख्खी. घरात धरून असतात का? "अख्खी." अडीनडीला? "अख्खी रे." मान-पान, मन मोकळं करायला माणूस, सगळ्याला अख्खी. मला वाटलं तिला सरावाचा कंटाळा आलाय, पण ती गंभीरपणे, मांडी घालून, माझ्याकडे बघून उत्तरं देत होती. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी उठून चौकातून जिलेबी आणली. बहिणीची परीक्षा आणि पेढे भावानं वाटायचे, तसला प्रकार.

पहिली फेरी झाली ती घरोघरी. उन्हाळ्याचे दिवस, लग्नसराई, त्यामुळं बऱ्याच बाया माहेरीच सापडल्या. आक्का जायची, बसायची, चहा व्हायचा, घरातली माणसं जरा लांब सरकायची, प्रश्न व्हायचे. आणि उत्तरं? सगळी अख्खी. मॅडमनी बेरजा केल्या तर आमच्या जिल्ह्यात एचआयव्ही असलेल्या बाया साऱ्या राज्यातल्या बायांपेक्षा सुखी निघायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, कुसुमताई, यांच्यापेक्षा माझंच वाईट चाललंय. हे त्या हसून म्हणाल्या, पण आक्काला ते लागलं. त्या संध्याकाळी ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. बस म्हटलं तर बसेना. "कायतरी इस्कटलंय, दत्ता," म्हणायची, "मी बराबर इचारते, त्या बराबर सांगत न्हाईत."

इस्कटलंय काय, ते तिला एसटीत सापडलं. केदारखेड्याच्या पुढं गाडीत एक बाई चढली आणि नेमकी तिच्या शेजारी येऊन बसली. शांता म्हणू या, नाव वेगळं आहे. आठच दिवसांपूर्वी आक्कानं तिला तिच्या माहेरी जाऊन प्रश्न विचारले होते आणि तिनं सगळ्याला अख्खी सांगितली होती. आता ती सासरी निघाली होती. गाडी सुटली तशी ती आपणहून बोलायला लागली. भाचीच्या लग्नात भावजयीनं तिला हळद लावू दिली नव्हती. सगळ्या जणी नवरीला हळद लावत होत्या आणि हिला म्हणाले, तू जरा पाहुण्यांचं बघ. ती बघत राहिली. आक्कानं विचारलं, मग त्या दिवशी मला का सांगितलं नाहीस? शांता म्हणाली, भावाच्या वट्यावर बसून भावाच्या घराचं वाईट सांगू का? आणि सासरी विचारलं असतं तर? तर सासर चांगलं म्हणाले असते, ती म्हणाली, तिथंबी त्यांच्याच वट्यावर बसायचंय. आक्का घरी आली ती तापलेलीच. चूक कागदात नव्हती आणि बायांतही नव्हती. चूक होती ती जागेत. "बाई ज्या घरात बसलेली आसते ना, त्या घराला ती नाव ठेवत न्हाई," ती म्हणाली. "आपुन येड्यावानी घरात जाऊन घराचं इचारून राह्यलो."

पुढची फेरी एसटीत घ्यायची असं तिनं मनानं ठरवूनच टाकलं. मॅडमनी साफ नाही म्हटलं. एसटीत शेजारचा कान देऊन बसतो, एखादीचं नाव फुटलं तर ती आयुष्यातून उठेल, असं त्यांचं म्हणणं. आक्का म्हणाली, एसटीत कोणी कोणाला ओळखत नसतं. दोघी दोन दिवस फोनवर भांडल्या. शेवटी तोडगा निघाला, घरात नाही, गाडीत नाही, स्टँडच्या मागच्या लिंबाखाली. तिथं बायांची उत्तरं उतरली. अर्धी, चतकोर, आणि एकदोघींची तर काहीच नाही. पण एकदा असं झालं की लिंबाखाली बसलेल्या एका बाईचा दीर नेमका तिथं आला आणि म्हणाला, या कोण? आक्का फटकन म्हणाली, बचत गटाची आहे, तुमच्या वहिनींना गटात घ्यायचंय. निभावलं. पण घरी आल्यावर ती चपला न काढताच पायरीवर बसली. मॅडमचं खरं होतं रे, असं मला म्हणाली, आणि मॅडमना मात्र ते तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानंतर दवाखान्याच्या आवारात एक रिकामी खोली मागून घेतली आणि काम तिथंच पुरं केलं.

हे सगळं ती जेवताना सांगायची. शांताची गोष्ट सांगितली त्या रात्रीच्या जेवणात माझा घास तोंडाशी थांबला. आक्का सांगत होती, रेखा हसत होती, आणि मला तो रविवार आठवला. कणीक मळण्याचा आवाज, मधली खोली, अख्खी, अख्खी, अख्खी. ती तेव्हा कुठं बसली होती? माझ्याच वट्यावर. मी समोर पाहिलं तर आक्का ताटाकडे बघत होती. तिच्याही ते लक्षात आलं असावं. किंवा आलं नसेल, मीच उगाच तिच्या मानेच्या वाकण्याला अर्थ लावत बसलो असेन. भाजीला मीठ जास्त होतं. ती म्हणाली, "चांगली झाली गं, रेखा."

तेव्हापासून मला चैन नाही. तिला घराबाहेर गाठून विचारायचं असं मी ठरवलं. योग आला तो मंठ्याच्या एका लग्नाला. रेखा आदल्या दिवशीच पुढं गेली होती, आम्ही दोघं बहीण-भाऊ एसटीनं निघालो. कपाशी वेचायचे दिवस होते. शहर मागं पडेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, आक्का, आता आपण ना तुझ्या सासरी, ना माझ्या घरी. आता सांग. तिला काय ते लगेच कळलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "दत्ता, भावानं इचारलं का बाई अख्खीच सांगते. मंग ती एसटीत आसू दे का इमानात." आणि पदरात बांधलेल्या भाजक्या शेंगा सोडून माझ्या हातावर ठेवल्या, लहानपणी ठेवायची तशा. मी त्या खाल्ल्या. चव लागली नाही. जागेचा दोष जागा बदलून काढता येतो, विचारणाराच दोषी निघाला तर त्यानं काय करायचं? मला माझ्या प्रयोगशाळेतले दाणे बरे वाटले. त्यांना काही विचारावं लागत नाही. उगवायचे ते उगवतात.

पुढं मी विचारायचं सोडलं, पण बघायचं सोडलं नाही. तिच्या खोलीतला पंखा आवाज करतो का, आंघोळीला गरम पाणी पुरतं का, सणाला लुगडं तिच्या आवडीचं आलं का, याची मी तपासणी करायचो. ती वैतागायची. म्हणायची, तू भाऊ आहेस की सुपरवायझर? शेवटच्या संध्याकाळीही तेच झालं. मी तिच्या खोलीत जाऊन खिडकीची कडी हलवून बघत होतो. ती खाटेवर बसून पायाला तेल चोळत होती. म्हणाली, "कडी बरी हाय रे बाबा, जाय, झोप." हेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. कडी बरी हाय.

तेराव्यानंतर मॅडम भेटायला आल्या. खूप वेळ बसल्या, रडल्याही. निघताना मी त्यांना दारात गाठलं आणि विचारलं, आक्कानं स्वतःची उत्तरं कधी कुणाला दिली होती का? दुसऱ्या कोणी, त्या आवारातल्या खोलीत, तिला विचारलं होतं का? मॅडमनी खांद्यावरची पर्स सारखी केली. मग म्हणाल्या, "दादा, दिली असतील तरी मला सांगता येणार नाही. भावाला तर नाहीच." मला राग आला. रिक्षात बसेपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललो नाही. पण रिक्षा वळल्यावर वाटलं, आक्का असती तर तिनंही हेच केलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते. ते दारही बंद झालं.

मग मी घरातच फिरायला लागलो. मागच्या खोलीत जायचं, पंखा लावून बघायचा, बंद करायचा, कपाटाचं दार उघडायचं, लावायचं. गेल्या रविवारी दुपारी रेखा मधल्या खोलीत मेथी निवडत बसली होती. माझी तिसरी-चौथी फेरी झाली तशी तिनं जुडी खाली ठेवली. "किती फिरताल? काय इचारायचं ते मला इचारा की." मी तसाच उभा राहिलो. इतक्या दिवसांत हे मला सुचलंच नव्हतं. मी विचारलं, आक्का आपल्याकडे सुखात होती का?

"सुखात?" रेखा म्हणाली. "भांडून भांडून माहा जीव खाल्ला त्यांनी."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. त्या दोघी रोज भांडायच्या. तव्यावरून, अंथरुणाच्या घडीवरून, दूध उतू गेल्यावरून, भाजी किती शिजवायची यावरून. मी कामावर गेलो की सुरू, आणि माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी वाजली की दोघी गप्प. आक्काचाच तसा हुकूम होता. त्याला कळलं तर तो रोज पंचायत भरवील, म्हणायची. म्हणजे मी ज्या शांततेची काळजी करत दहा-बारा वर्षं काढली, ती फक्त माझ्यापुरतीच होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी असं वाटलं की कोणीतरी मला माझ्याच घराबाहेर उभं केलंय. रेखाला ते दिसलं असावं. तिनं मेथीची काडी मोडली आणि जे सांगायचं राहिलं होतं तेही सांगितलं. एकदा तिची आई आजारी होती, हिला जाता येत नव्हतं, डोकं फिरलेलं होतं, आणि आक्का दुधाच्या भांड्यावरून बोलली. रेखाच्या तोंडून निघून गेलं, तुमच्या घरी जावा.

मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"मला वाटलं, आता रडतील," रेखा म्हणाली. "न्हाई रडल्या. कमरेवर हात ठेवला अन् म्हनल्या, हेच माहं घर हाय. जायचं आसंल तर तू जाय तुह्या माहेरी." तिनं जुडी पुन्हा हातात घेतली. "पाहुणी आसती तर पिशवी भरली आसती हो. त्या भांडल्या."

त्या दोघी त्या दिवशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी आलो, मला चहा मिळाला, पहिली भाकरी मिळाली. कुठला दिवस होता तो? मला आठवत नाही, आठवण्यासारखं मला काही दिसलंच नव्हतं. मी रेखाला विचारलं, मग त्या दिवशी तिनं किती सांगितलं असतं, अख्खी का चतकोर? रेखा माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी काही खुळ्यासारखं विचारलंय. "रोजची भाकर येगळी आसती," म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली. मी तिच्या मागं गेलो. ओट्याजवळ तिनं मला मिठाची बरणी दाखवली. चिनी मातीची, झाकणाचा टवका उडालेली. रेखाला ती शेगडीच्या उजवीकडे लागते. आक्काला डावीकडे लागायची, कारण डावीकडून मीठ घेतलं की हात जपून पडतो म्हणे. दिवसातून कितीदा तरी ती बरणी इकडून तिकडे जायची. एकीनं सरकवायची, दुसरीनं परत आणायची, कधी तोंडानं, कधी मुक्यानं. आता ती उजवीकडेच असते. कोणी हलवत नाही.

या सगळ्यानं माझं समाधान झालं का? नाही झालं. "हेच माहं घर" ऐकून ऊर भरून येतो, आणि लगेच त्याच्या आधीचं "तुमच्या घरी जावा" ऐकू येतं. दोन्ही माझ्याच घरात बोललं गेलं. याची बेरीज करायची कशी, हे मला येत नाही. आक्काला येत असेल.

पण सोमवारी सकाळी पाणी प्यायला गेलो तेव्हा माझा हात आपोआप त्या बरणीकडे गेला. मी ती उचलून डावीकडे ठेवली आणि बाहेर येऊन पेपर वाचायला बसलो. रेखा चहाला आत गेली. थोड्या वेळानं बरणी ओट्यावरून सरकल्याचा आवाज आला, जरा जोरातच. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. काल मात्र बरणी सरकवता सरकवता तिच्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, किती येळा सांगू तुम्हाला..." आणि ती ओट्याला धरून तशीच उभी राहिली. मी दारातून मागं फिरलो आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो.

आज सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेलो, तर बरणी आधीच डावीकडे होती.